त्या पंगतीतला टोफू

निपाणी,
गुरुवार, १८ सप्टेंबर २०२५

चि. सौ. प्रियदर्शनीस,

आशीर्वाद. तुझ्या आईबाबांना आमचा नमस्कार सांग. इकडे सगळे बरे आहेत. सगळे म्हणजे तुझे सासरे, मी आणि म्हैस.

हातात फोन असताना पत्र कसलं, असं म्हणशील. पण फोनवर तू ‘हं’ म्हणतेस, ‘बरं’ म्हणतेस आणि ‘ठेवते’ म्हणतेस. तेवढ्यात माझं काहीच मावत नाही. शिवाय हे समोर बसून ‘काय म्हणती, काय म्हणती’ करतात आणि माझं बोलणं तुटतं. कागदावर निदान मला कोणी तोडत नाही.

आता कामाचं लिहिते. मला टोफू जमत नाही.

ह्यांच्या रक्तात चरबी निघाल्यापासून मटण सणासुदीपुरतं आणि साय बंद, हे तुला ठाऊकच आहे. तू टोफू करायला लागलीस तेव्हा ह्यांनी किती नाकं मुरडली, आणि नंतर ‘आज ते पांढरं न्हाय व्हय?’ म्हणून तेच विचारायला लागले. तू गेल्यावर चार दिवस जेवताना पातेल्यात डोकावून बघत होते. मग म्हणाले, “तू कर की. तिला येतंय तर तुला का येऊ न्हाय?”

म्हणून केला. खरं सांगू का, मला अजून हसू येतं. तंबाखू सोडून आम्ही सोयाबीन लावायला लागलो त्याला किती वर्षं झाली! दरसाल पोती भरून तेलाच्या मिलला घातली, पेंड आणून म्हशीला घातली, पण घरात एक मूठ कधी शिजवली नाही. लग्नानंतरच्या पहिल्या सुगीत तू पातेल्यात सोयाबीन भिजत घातलंस तेव्हा मी ओरडलेच होते, “अगं, ते जनावराचं हाय!” तू हसलीस आणि म्हणालीस, “आत्ती, जनावराला कळलं ते आपल्याला कळलं नाही.” मला राग आला होता. पण टोफू खाल्ल्यावर गेला.

तर रात्री भिजत घातलं, सकाळी सालं काढली, मिक्सरला लावलं, जुन्या लुगड्याच्या धडप्यातून दूध गाळलं. रंग बघून वाटलं, जमलं. मग म्हशीचं दूध नासवतो तसं लिंबू पिळलं. गोळा झाला, पण त्याला कच्च्या शेंगेचा वास यायला लागला. रश्शात सोडला तर विरघळून रस्साच पांढरा झाला. हे सुनेच्या प्रेमापोटी सगळं वाटीभर प्यायले. दुसऱ्या दिवशी रानात जायचं सोडून मागच्या दारीच फेऱ्या घालत होते.

आता तू मला एवढं सांग. दूध उकळायचं ते गाळायच्या आधी की नंतर? किती वेळ? लिंबू कधी पिळायचं? वड्या तुटू नयेत म्हणून तू काय करायचीस? मी तुझ्या शेजारी उभी राहून बघत होते, पण बघत होते म्हणजे नुसती बोलत होते.

तुझी थायरॉईडची गोळी फडताळातच राहिली आहे. तिकडे नवीन आणलीस ना? सकाळी उपाशीपोटी घ्यायची आणि नंतर बराच वेळ सोयाबीनचं काही खायचं नाही, असं तूच सांगायचीस. तिकडे माहेरच्या लाडात विसरू नको.

तुझ्या शाळेतल्या मोठ्या बाई बाजारात भेटल्या. प्रियदर्शनी कधी येणार, असं विचारलं. मी म्हटलं, माहेरी गेलीय, आणि भाजीची पिशवी उचलून निघाले.

त्या रविवारबद्दल काही लिहायचं नाही असं ठरवून पेन उचललं होतं. पण माझा स्वभाव तुला माहीत आहे. माझा भाऊ शामू आणि राजाबाई वहिनी चिकोडीहून जेवायला आलेले, ताटं वाढलेली, वहिनीनं नेहमीप्रमाणे पाळणा कधी हलणार म्हणून विचारलं, आणि माझ्या पोटचा युवराज सगळ्यांसमोर म्हणाला, “हिच्या टोफूनंच माझं वाटोळं केलंय. सोयाबीन खाऊन गडी बायकी हुतोय. तालमीत समद्यास्नी ठावं हाय.” तू वाढता वाढता थांबलीस, भांडं खाली ठेवलंस आणि मागच्या दारी गेलीस. पुढचं तू बघितलं नाहीस म्हणून लिहिते. मी त्याच्यासमोरचं भरलं ताट उचललं आणि म्हशीच्या घमेल्यात उपडं केलं. तो उपाशी उठला. सकाळी तू माहेरची, गुंजीची गाडी धरलीस.

टोफूचं तेवढं कळव.

तुझी सासू,
बायाक्का


निपाणी,
बुधवार, १ ऑक्टोबर २०२५

चि. सौ. प्रियदर्शनीस,

उद्या दसरा आहे, त्याचं सोनं आजच पाठवते. पाकिटात आपट्याचं पान आहे, चुरा झाला असेल तरी घे.

तुझं उत्तर मिळालं. वर आत्ती नाही, खाली नाव नाही, मध्ये नुसती टोफूची कृती. आधी मला वाईट वाटलं. मग कृती वाचली. ‘दूध उतू जातं, म्हणून मोठं पातेलं घ्या, नाहीतर तुमचा हात भाजेल,’ असं तू लिहिलं आहेस. ते वाक्य मी ह्यांना वाचून दाखवलं. हे म्हणाले, “पोरगी रागावलीय खरं, पर तुझ्या हाताची काळजी हाय तिला.” मग आम्ही दोघांनी चहा घेतला.

तू सांगितलंस तसंच केलं. आधी गाळलं, मग दूध ढवळत ढवळत चांगलं उकळू दिलं. कच्चं सोयाबीन पोटाला बाधतं हे मला कुठलं माहीत! ह्यांच्या फेऱ्यांचं कारण तेव्हा कळलं. वासही गेला. मग खाली उतरवून जरा दम घेऊ दिला आणि लिंबाचं पाणी थोडं थोडं घातलं. ढवळायचा मोह आवरला. पाणी हिरवट निवळलं आणि वर ढग जमला तसा टोफू आला. फडक्यात बांधून वर पाटा ठेवला. वरवंटा पण ठेवणार होते, पण तू ‘फार दाबू नका, चामडं होतं’ असं लिहिलंस म्हणून ठेवला नाही.

वड्यांना मीठ, हळद आणि आपली कांदा-लसणाची चटणी चोळून ठेवली, तव्यावर दोन्ही बाजूंनी खरपूस केल्या आणि शेवटी रश्शात सोडल्या. तुटल्या नाहीत. चोथ्याची थालीपीठं केली. ह्यांनी मटणासारखी बोटं चाटली. मला अजून टोफू आळणीच वाटतो, पण रश्शात वाईट लागत नाही.

आता एक गंमत सांगते. गंमत म्हणायची की काय ते तू ठरव.

नव्या सोयाबीनसाठी डबा हवा होता, म्हणून युवराजच्या खोलीत गेले. तो तालमीतून आल्यावर दुधात पावडर घालून पितो, त्याचा मोठा काळा रिकामा डबा पलंगाखाली होता. धुवायला घेतला. वर सगळं इंग्रजी. मला इंग्रजी येत नाही, पण बियाण्याच्या पोत्यावरचा एक शब्द दर पेरणीला बघून ओळखते. तोच शब्द त्या डब्यावर बारीक अक्षरात होता. चष्मा लावून पुन्हा बघितलं. तोच.

युवराज आला तेव्हा डबा चुलीजवळच होता.

“ह्ये काय असतंय रं?”

“पावडर. ताकदीची.”

“ह्येच्यावर सोयाबीन लिवलंय.”

त्यानं डबा फिरवून वाचला. पहिल्यांदाच वाचत असावा. म्हणाला, “त्ये येगळं असतंय, आई.”

“येगळं कसं? आपल्याच रानातलं असंल की. आपुन मिलला घालतोय, त्येनी डब्यात भरून तुला इकत्यात. बायकूनं फुकट करून घातलं तर बायकी हुतोस, आणि तालमीतल्यानं इकत दिलं तर पैलवान?”

त्यानं डबा खाली ठेवला. जेवला आणि भांडं स्वतः धुतलं. ते बघून मला भीती वाटली, कारण तो रागावला असता तर मला कळलं असतं काय चाललंय.

पुढच्या आठवड्यात मी आणि युवराज बेळगावला एका दवाखान्यात जाऊन आलो. काळजी करू नको, माझ्या जिवाला काही नाही. कशाला गेलो ते मी लिहिणार नाही. ते सांगायचं तोंड माझं नाही.

पण गेलेच होते म्हणून डॉक्टरीणबाईंना सोयाबीनचं सगळं विचारून घेतलं. बाई चांगल्या आहेत, धारवाडकडच्या, मराठी अडखळत बोलतात. मी म्हटलं, सोयाबीन खाऊन गडी बायकी होतो का? त्या हसल्या. “एनू आगूदिल्ल री,” म्हणाल्या, काही होत नाही. बाईच्या अंगात जे असतं त्याच्या तोंडावळ्याचं काहीतरी सोयाबीनमध्ये असतं खरं, पण ते फार दुबळं असतं. जेवणात खातो तेवढ्यानं पुरुषाला काही होत नाही, तसं तपासूनही बघितलेलं आहे. रोज घमेलंभर खाल्लं तर कशानंही त्रास होईल, मग ते आंबे का असेनात. ह्यांच्या चरबीचं विचारलं तर म्हणाल्या, मटणाच्या जागी खाल्लं तर फायदा, मटण खाऊन वर आणखी खाल्लं तर कसला फायदा? हे मी ह्यांना दोनदा सांगितलं. तुझ्या थायरॉईडचंही विचारलं. गोळी आणि टोफू यांच्यात चार तास जाऊ द्यायचे, बाकी खायला हरकत नाही. ज्याला सोयाबीन खाऊन अंगावर पित्त उठतं त्यानं मात्र शिवायचं नाही. आणि डब्यातल्या पावडरीत काय काय मिसळतात ते सांगता येत नाही, ती बंद करा म्हणाल्या. त्या बोलत असताना युवराज जमिनीकडे बघत होता.

तर टोफू निर्दोष सुटला. तू तर त्याच्याही आधीपासून निर्दोष आहेस.

राजाबाई वहिनीचा फोन आला होता. म्हणाली, दिवाळी तोंडावर आली, सून माहेरी बसलेली बरी दिसत नाही, आणायला माणूस पाठव. आपल्यात माणूस पाठवायची रीत आहे. माणूस जातो, चहा पितो, सून पिशवी घेऊन मागून येते, आणि काय झालं होतं ते कोणी विचारत नाही. मी म्हटलं, वहिनी, मी माणूस पाठवणार नाही. तिला ते आवडलं नाही. तुला आवडेल असं वाटतं.

उत्तर नाही लिहिलंस तरी चालेल, पण गोळी घे.

तुझी,
आत्ती


निपाणी,
सोमवार, १३ ऑक्टोबर २०२५

प्रियदर्शनी,

हे पत्र घेऊन आलेला माणूस तुमच्या दारात उभा असेल. त्याला मी सांगितलं आहे की पत्र तुझ्या हातात द्यायचं आणि तुझं वाचून होईपर्यंत पायरी चढायची नाही. तुझी आई ‘या, बसा’ म्हणेल, त्या माउलीला माया आवरणार नाही. तरीही तो चढणार नाही. तू सावकाश वाच.

आता लिहायला हरकत नाही, कारण ज्याचं होतं त्यानं ते स्वतःच्या तोंडानं सांगितलं. काल.

आधी दवाखान्याचं. डब्याची गोष्ट झाली, त्यानंतर दोन दिवसांनी तो गोठ्यात माझ्याजवळ येऊन उभा राहिला. मी धार काढत होते. म्हणाला, “आई, दोष माझ्यात असंल व्हय गं?”

मी म्हटलं, “पेरायच्या आधी तुझा बाप काय करतो? शंभर दाणं वल्ल्या पोत्यात गुंडाळून ठेवतो. किती उगवलं त्ये मोजतो. न्हाय उगवलं तर बी बदलतो. रानाला शिव्या देतो व्हय?”

“न्हाय.”

“मग तू बियाणं न बघता तिला शिव्या का दिल्यास?”

तो रडला, प्रियदर्शनी. तालमीत एवढे हात-पाय मोडून घेतले तेव्हा रडला नव्हता. म्हणाला, “मला एकट्याला जायाला हुईना. तू चल की.” लग्न झालेल्या मुलाला घेऊन त्या दवाखान्यात आई बसलेली, समोरच्या बाका-बाकांवर जोडपी. एकीनं मला विचारलंसुद्धा, सून कुठं आहे? मी म्हटलं, तिचं काही नाही, म्हणून ती आली नाही.

दोनदा तपासलं. बी फार कमी निघालं. डॉक्टरीणबाईंनी त्याला विचारलं, ताकदीसाठी इंजेक्शनं घेता का? तो माझ्याकडे बघायला लागला. मी म्हटलं, माझ्याकडे काय बघतोस, बाईंना सांग. मग निघालं. गेल्या जत्रेत कुस्तीच्या मैदानात तो चितपट झाला होता ना, त्यानंतर जिमच्या एका माणसानं त्याला इंजेक्शनं लावून दिली. अंग भरलं, मानेचा घेर वाढला, आपण म्हणायचो पोराची तब्येत सुधारली. बाई म्हणाल्या, बाहेरून ताकदीचा रस टोचला की अंगातला कारखाना बंद पडतो. सोयाबीननं जे होत नाही ते ह्यानं होतं. ते त्याच्या दंडात जात होतं आणि तो तुझ्या ताटाकडे बोट दाखवत होता.

इंजेक्शनं बंद केली आहेत. काही महिने लागतील, कदाचित वर्ष. बरेचजण सुधारतात, पण सुधारेलच असं त्या म्हणाल्या नाहीत, म्हणून मीही तुला म्हणत नाही.

घरी येताना बसमध्ये तो म्हणाला, मी गुंजीला जाऊन तिची माफी मागतो. मी म्हटलं, थांब. तिच्या कानात माफी मागून काय करतोस? बोललास कुठं? पंगतीत. ऐकलं कुणी? शामूमामानं आणि राजामामीनं, आणि तिथून चिकोडीनं आणि निम्म्या निपाणीनं. मग जिथं बोललास तिथंच ते खोडायचं, त्याच माणसांसमोर, तेच ताट वाढलेलं असताना. नाहीतर तू दारात जाऊन रडशील, ती दयेपोटी येईल, आणि राजाबाई पुढच्या वेळी पुन्हा तिलाच पाळण्याचं विचारील.

तो म्हणाला, हे माझ्यानं व्हायचं नाही. मी म्हटलं, मग गुंजीला जाऊ नको. त्यानंतर बरेच दिवस तो रानातच राबत होता. सोयाबीन मळून झालं, घरात पोती आली. मग परवा स्वतःच म्हणाला, मामांना बोलाव.

काल दोघं आली. टोफू त्यानं केला. मी हात लावला नाही, नुसती बोलत होते. दूध उतू घालवलं, लिंबू जास्त पिळलं, वड्यांचे तुकडे झाले. रस्सा मात्र मी केला, पाहुण्यांना उपाशी ठेवता येत नाही. राजाबाईनं विचारलं, “बायाक्का, ह्यो त्योच टोफू न्हवं?” मी म्हटलं, व्हय, त्योच.

सगळ्यांना वाढून झाल्यावर तो बसला नाही. तू त्या दिवशी जिथं भांडं घेऊन उभी होतीस तिथंच उभा राहिला. मला वाटलं आता बोलायचा नाही. रस्सा निवायला लागला.

मग म्हणाला, “मामा, त्या दिशी ह्या पंगतीत म्या प्रियदर्शनीला बोललो, त्ये खोटं हाय. दोष तिच्यात न्हाय, टोफूत न्हाय. माझ्यात हाय. दवाखान्यात बघून आलोय. मैदानासाठी म्या इंजेक्शनं घेतल्ती, त्येनं झालंय. कुणी इचारलं तर असंच सांगा. लपवू नगा.”

शामूनं मान वर केली नाही. वहिनीनं पदर तोंडाला लावला. तिला काय बोलावं कळेना हे मी आयुष्यात पहिल्यांदा बघितलं. तुझे सासरे इतका वेळ भाकरीचा तुकडा हातात धरून बसले होते. त्यांनी तो रश्शात बुडवला आणि म्हणाले, “बस जेवायला. आज गड्यागत बोललास.”

मग सगळे जेवले. शामूनं टोफू मागून घेतला. जाताना वहिनी दारात माझा हात धरून म्हणाली, पोरीला माझा निरोप सांगा, मी काय विचारायचं नव्हतं ते विचारलं. तो निरोप इथं लिहिला.

आता माझं.

त्याला मी पाठवलेलं नाही. रीतीप्रमाणे तुला आणायला आलेला माणूसही तो नाही. तो त्याचं सांगायला आलाय. हातातल्या डब्यात कालचाच टोफू आहे, तुटका. चव बघ, मीठ बरं पडलंय.

दिवाळी आहे, लोक काय म्हणतील, त्याचं वय, तुझं वय, यातलं काहीही मनात आणू नको. घराला वारस हवा म्हणून तर मुळीच येऊ नको. मूल झालं तर मला आनंद होईल. नाही झालं तर माझं काही अडत नाही. तू नाहीस तर अडतं. सकाळी चहा करताना मी अजून तुझा कप काढते आणि परत ठेवते. स्वयंपाकघरात मला कोणी उलट उत्तर देत नाही. ह्या घरात मी इतकी वर्षं बोलले, पण माझ्याशी बोललं कोण, तर तू. मला तू हवी आहेस. मुलाची बायको म्हणून नव्हे, तू म्हणून.

तरीपण त्या पंगतीतला शब्द त्यानं खोडला म्हणून तुझ्या मनातूनही तो खोडला गेलाच पाहिजे, असं मी म्हणणार नाही. तुझ्या मनाला पटत नसेल तर त्याला पायरीवरूनच परत पाठव. तो येईल आणि मी त्याला जेवू घालीन, आणि तुला एका शब्दानं विचारणार नाही. मग तू शाळेसाठी निपाणीत वेगळी खोली घेतलीस तर डबा मी पोचवीन. आता टोफू जमतोय.

वाचून झालं असेल तर एकदा दाराबाहेर बघ. त्याला आत बोलवायचं की नाही ते तुझं तू ठरव. घाई नको. तो थांबेल, थांबायला मीच सांगितलंय.

तू आलीस तरी आणि नाही आलीस तरी तुझीच,
आत्ती